ल पेन जिंकल्या तर? किल्ल्या आधीच दिलेल्या आहेत

२४ एप्रिल २०२२. रमजानचा बाविसावा रोजा होता. रात्री साडेअकराला, तरावीह आटोपून मी मोबाइलवर फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षपदाचा निकाल बघत बसले होते. पॅरिसमध्ये तेव्हा संध्याकाळचे आठ वाजले होते. मॅक्राँ यांना ५८.५ टक्के, मरीन ल पेन यांना ४१.५ टक्के. बाजूच्या खोलीतून अब्बांनी विचारलं, “हरली ना ती बाई?” मी म्हटलं, “हो.” “मग झोप आता, सहरीला उठायचंय.”

मला झोप लागली नाही. ४१.५ टक्के म्हणजे १ कोटी ३२ लाखांहून अधिक मतं. रस्त्यावर डोक्याला ओढणी बांधून फिरणाऱ्या बाईला दंड करू, सीटबेल्ट न लावणाऱ्याला पोलीस करतात तसाच, असं प्रचारात उघड सांगणाऱ्या उमेदवाराला पडलेली ही मतं होती. २००२ मध्ये तिच्या वडिलांना, जाँ-मारी ल पेन यांना, दुसऱ्या फेरीत १७.८ टक्के मिळाले होते. २०१७ मध्ये मुलीला ३३.९. मग ४१.५. वीस वर्षांचा हा चढ आहे.

पुढची निवडणूक एप्रिल २०२७ मध्ये आहे. सलग दोन कार्यकाळ झाल्यामुळे मॅक्राँ उभे राहू शकत नाहीत. युरोपीय संसदेच्या पैशाच्या अपहारात ३१ मार्च २०२५ रोजी ल पेन दोषी ठरल्या आणि पाच वर्षं निवडणूक लढवायला अपात्र झाल्या. त्याविरुद्ध त्या अपिलात गेल्या. त्या नसतील तर त्यांच्या ‘नॅशनल रॅली’ पक्षाचे अध्यक्ष जॉर्डन बार्डेला तयार आहेत. या लेखात मी ‘ल पेन’ लिहिलं तिथे तुम्ही ‘बार्डेला’ वाचलंत तरी फरक पडणार नाही.

आपल्या मुलामुलींच्या ग्रुपवर हा विषय निघाला की तीन उत्तरं येतात. एक: “आपल्याला काय त्याचं?” दुसरं: “संपलं, युरोपात मुसलमानांचं काही खरं नाही.” तिसरं उत्तर हुशार मुलं देतात: “येऊ द्या एकदा. निदान मुखवटा तरी गळून पडेल. लोकांना कळेल आणि पाच वर्षांत फेकून देतील.” दोस्तांनो, ही तिन्ही उत्तरं मला आळसाची वाटतात. का, ते सांगते.

आधी, त्या जिंकल्या तर काय होऊ शकतं ते पाहू. दुसऱ्या दिवशी सकाळी काहीच दिसणार नाही. मेट्रो चालेल, बेकऱ्या उघडतील, जुम्याची नमाजही होईल. नवे राष्ट्राध्यक्ष पंतप्रधान नेमतील आणि संसद विसर्जित करून स्वतःचं बहुमत मागतील. तो अधिकार त्यांना घटनेच्या १२व्या कलमाने आहे. बहुमत मिळालं नाही तर हात बांधले जातात. १९८६, १९९३ आणि १९९७ मध्ये फ्रान्समध्ये राष्ट्राध्यक्ष एका बाजूचा आणि पंतप्रधान दुसऱ्या बाजूचा होता. म्हणून राष्ट्राध्यक्षपदानंतरची संसदेची निवडणूकही तेवढीच महत्त्वाची असते.

ल पेन यांनी दुसरा रस्ताही सांगून ठेवलाय: सार्वमत. ‘राष्ट्रीय प्राधान्य’ घटनेतच लिहायचं. नोकरी आणि सरकारी घर आधी फ्रेंच नागरिकाला, बालभत्ता फक्त त्यालाच. फ्रान्समध्ये जन्मलेल्या परदेशी आईबापांच्या मुलांना नागरिकत्व मिळण्याची वाट बंद. घटनादुरुस्तीचा नेहमीचा मार्ग ८९व्या कलमाचा, तिथे संसदेची दोन्ही सभागृहं लागतात. त्यांना मात्र ११व्या कलमाने थेट जनतेकडे जायचंय. १९६२ मध्ये द गॉल यांनी तेच केलं होतं. तेव्हा घटना परिषदेने म्हटलं होतं की जनतेने थेट मंजूर केलेला कायदा तपासणं आमच्या अधिकारात नाही. “कोर्ट बघून घेईल” असं म्हणणाऱ्यांनी हे वाक्य लक्षात ठेवावं.

आणि मग खिडक्या. फ्रान्समध्ये १०१ जिल्हे आहेत आणि जिल्ह्याचा प्रमुख अधिकारी, प्रेफे, राष्ट्राध्यक्षांच्या अध्यक्षतेखालच्या मंत्रिमंडळात नेमला जातो. परदेशी माणसाचा राहण्याचा परवाना त्याच्या कार्यालयातून मिळतो. २०२१ च्या कायद्यानंतर द्वेष किंवा हिंसा पसरवण्याच्या कारणावरून प्रार्थनास्थळ दोन महिन्यांपर्यंत बंद करण्याचा अधिकारही त्याच्याकडे आहे. तिथे आज्ञाधारक माणसं बसवली की नवा कायदा करायची घाईसुद्धा नाही. परवाना ‘प्रलंबित’ ठेवला की काम होतं.

हे अंदाज हवेतले नाहीत. या पक्षाने गावं चालवून दाखवली आहेत. १९९७ मध्ये मार्सेजवळच्या वित्रोल शहरात तेव्हाचा ‘नॅशनल फ्रंट’ निवडून आला. नेल्सन मंडेलांच्या नावाच्या चौकाचं नाव बदललं गेलं. बाळ झालं की ५००० फ्रँकचं बक्षीस जाहीर झालं, पण आईवडिलांपैकी एक तरी फ्रेंच किंवा युरोपीय असेल तरच. न्यायालयाने ते रद्द केलं. २०१४ मध्ये बेझिएर शहरात याच पक्षाच्या पाठिंब्याने रोबेर मेनार महापौर झाले. पुढच्या वर्षी त्यांनी टीव्हीवर सांगितलं की शहरातल्या प्राथमिक शाळांत ६४.६ टक्के मुलं मुस्लिम आहेत. कशावरून? वर्गातल्या मुलांच्या नावांवरून. बोंब झाल्यावर अशी कुठलीही यादी आमच्याकडे नाही, असं नगरपालिकेने सांगितलं. सहा-सात वर्षांची पोरं, आणि हजेरीतलं नाव वाचून कुणीतरी त्यांची मोजणी करतं. हे वाचताना मला फ्रेंच येण्याची गरज पडली नाही.

इथपर्यंत तुम्ही माझ्यासोबत असाल. आता जे लिहिते ते जरा टोचेल.

मुखवटा गळून पडण्याची वाट कुणाची बघताय? २००२ मध्ये ल पेन यांच्या वडिलांना अडवण्यासाठी डाव्यांनी नाक दाबून जॅक शिराक यांना मतं दिली. १ मे रोजी दहा लाखांहून जास्त लोक रस्त्यावर उतरले. शिराक ८२ टक्क्यांनी जिंकले. दोनच वर्षांनी, मार्च २००४ मध्ये, त्याच शिराक यांच्या काळात सरकारी शाळांतून ओढणी बाहेर काढणारा कायदा झाला. संसदेत बाजूने ४९४, विरोधात ३६. त्या ४९४ मध्ये डावेही होते.

पुढे बघा. २०१० मध्ये सार्कोझी यांच्या काळात चेहरा झाकण्यावर बंदी आली. नोव्हेंबर २०१५ मध्ये पॅरिसच्या हल्ल्यांत १३० माणसं मारली गेली आणि समाजवादी ओलाँद यांनी आणीबाणी लावली. ती जवळपास दोन वर्षं चालली. न्यायाधीशाच्या परवानगीशिवाय चार हजारांहून अधिक झडत्या झाल्या, आणि आणीबाणी संपताना तिच्यातले काही अधिकार साध्या कायद्यात उतरले. ऑक्टोबर २०२० मध्ये सॅम्युएल पॅटी या शिक्षकाचा अमानुष खून झाला. त्यानंतर दीड महिन्यात मॅक्राँ सरकारने मुस्लिमविरोधी भेदभावाच्या तक्रारी नोंदवणारी सीसीआयएफ ही संघटना बरखास्त केली. संघटना बरखास्त करण्याचा हा अधिकार मुळात १९३६ चा, त्या वेळच्या अतिउजव्या सशस्त्र टोळ्यांविरुद्ध केलेला. २०२३ मध्ये शाळेत अबायावर बंदी आली.

यातलं एकही पाऊल ल पेन यांनी उचललेलं नाही. त्या एकदाही सत्तेत नव्हत्या. ही सगळी कामं सभ्य, सुशिक्षित, ‘मध्यममार्गी’ लोकांनी केली आणि प्रत्येक वेळी कारण सांगितलं की अतिउजव्यांची हवा काढून घेण्यासाठी हे करावं लागतंय. हवा किती निघाली ते वरच्या आकड्यांत आहे. दुकानदार रोज शेजाऱ्याच्या मालाची जाहिरात करत असेल तर गिऱ्हाईक एक दिवस शेजाऱ्याकडेच जाणार.

माझी कॉलेजातली एक मैत्रीण तेव्हा फ्रान्समध्ये एमएससी करत होती. डिसेंबर २०२३ मध्ये तिथे स्थलांतराचा कायदा ल पेन यांच्या पक्षाच्या मतांसह मंजूर झाला. ल पेन यांनी त्याला आपला ‘वैचारिक विजय’ म्हटलं. त्यात परदेशी विद्यार्थ्यांकडून अनामत रक्कम घेण्याची तरतूद होती. मैत्रिणीचा रात्री फोन आला. विद्यापीठात ओढणीला अजून मुभा आहे, वर्गात कुणी काही म्हणत नाही, ती म्हणाली. “मला माणसांची भीती वाटत नाही गं. खिडकीची वाटते.” जानेवारी २०२४ मध्ये घटना परिषदेने त्या कायद्याच्या ८६ पैकी ३५ कलमांना पूर्ण किंवा अंशतः कात्री लावली. अनामतही गेली. आम्ही दोघी खूश झालो. नंतर निकाल नीट वाचला. बहुतेक कलमं अन्यायकारक म्हणून रद्द झाली नव्हती. मूळ विधेयकाशी त्यांचा संबंध नाही, या प्रक्रियेच्या कारणावरून ती गेली होती. म्हणजे उद्या वेगळ्या विधेयकातून ती परत आणता येतात. दाराला कडी आहे, पण ती केवढी आहे हे पाहून ठेवलेलं बरं.

म्हणून “येऊ द्या एकदा” म्हणणाऱ्यांना मी सांगते: येणाऱ्याच्या हातात किल्ल्यांचा जुडगा तयार आहे. संघटना बरखास्त करण्याची किल्ली, मशीद बंद करण्याची किल्ली, झडतीची किल्ली. आणि आल्यावर ते पाच वर्षांत आपोआप जात नाहीत. हंगेरीत ऑर्बान २०१० मध्ये आले, २०१२ च्या पहिल्या दिवशी नवी घटना लागू झाली, निवडणुकीचे नियम बदलले, आणि २०१४, २०१८, २०२२ अशा तीन निवडणुका ते पुन्हा जिंकले. “लोकांना कळेल” हे म्हणणाऱ्याचं स्वतःचं घर त्या काळात जळत नसतं.

आता “संपलं सगळं” म्हणणाऱ्यांकडे. जून २०२४ मध्ये संसदेच्या पहिल्या फेरीत नॅशनल रॅली पहिली आली. बार्डेला पंतप्रधान होणार असं सगळे धरून चालले होते. त्यानंतरच्या दोन दिवसांत दोनशेहून अधिक उमेदवारांनी माघार घेतली, कुणी डावे, कुणी मॅक्राँचे, फक्त मतं फुटू नयेत म्हणून. ७ जुलैला नॅशनल रॅली मित्रपक्षांसह १४३ जागांवर, तिसऱ्या क्रमांकावर आली. हे ज्यांनी केलं त्यातले बहुतेक मुसलमान नव्हते. ‘सगळे फ्रेंच सारखेच’ म्हणणं म्हणजे या माणसांच्या तोंडावर दार लावणं. आपल्याबद्दल कुणी ‘सगळे सारखेच’ म्हटलं की आपल्याला किती लागतं?

आणि “आपल्याला काय?” मी डोक्यावर ओढणी घेते, माझी धाकटी बहीण घेत नाही. आमच्या घरात यावरून भांडण नाही. पॅरिसच्या पोलिसाने माझी ओढणी उतरवावी हे मला मान्य नाही, आणि तेहरानच्या पोलिसाने माझ्या बहिणीच्या डोक्यावर ती जबरदस्तीने बांधावी हेही नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये महसा अमिनी पोलिसांच्या ताब्यात असताना वारली तेव्हा आपल्यातले बरेच जण गप्प होते. जो माणूस फ्रान्समध्ये स्वातंत्र्य मागतो आणि इराणमध्ये गप्प बसतो, तो स्वातंत्र्य मागत नाही, आपल्या गटाचा वाटा मागतो. ल पेनही त्याच भाषेत बोलतात. फक्त त्यांचा गट मोठा आहे.

फ्रान्सचा १९०५ चा कायदा मी वाचला. त्याचं पहिलंच कलम सांगतं की प्रजासत्ताक सदसद्विवेकाच्या स्वातंत्र्याची हमी देतं. दुसरं कलम सांगतं की राज्य कुठल्याही धर्माला मान्यता, पगार किंवा अनुदान देणार नाही. म्हणजे तटस्थ राहायचं होतं सरकारने. शंभर वर्षांत ती अट सरकारवरून सरकून चौदा वर्षांच्या मुलीच्या डोक्यावर येऊन बसली. ही सरकण्याची गोष्ट फ्रेंच मुसलमानांनी, डाव्यांनी आणि उदारमतवाद्यांनी तिथल्या तिथे, त्या मूळ कायद्याचाच हवाला देत भांडायला हवी, आणि काही जण भांडत आहेत. आपण इथून करू शकतो ते एवढंच, पण करायला हवं: नुसते संतापाचे व्हिडिओ पुढे ढकलण्याआधी कायदा वाचणं, कोणत्या बाकावरच्या किती लोकांनी हात वर केले ते बघणं, आणि आपल्या बाजूचा जुलूम दिसला तर त्याच आवाजात बोलणं.

२०२७ मध्ये निकाल येईल तेव्हा रात्रीचे साडेअकराच वाजलेले असतील. अब्बा बहुतेक पुन्हा विचारतील, “हरली ना?” उत्तर ‘हो’ असलं तरी या वेळी मी लगेच मोबाइल बंद करणार नाही. जो जिंकला त्याने मागच्या किल्ल्यांपैकी एक तरी परत ठेवली का, हे मी पुढची पाच वर्षं बघणार आहे.