भाड्याला फुटलेले फाटे



सुट्ट्यांचे दिवस जवळ आले की आमच्याकडे सहलीची पत्रके घेऊन माणसे येतात आणि हिशेब जुळवून द्या म्हणतात. आम्ही पडलो कारकून. आकड्यांची बेरीज-वजाबाकी हा आमचा रोजचाच उद्योग. एरवी ही पत्रके बोधगया-सारनाथची असतात, नाहीतर दीक्षाभूमीची. अलीकडे त्यांत एक नवे पत्रक दिसू लागले आहे, समुद्रातल्या बोटीचे. मुंबईहून निघायचे, दोन-तीन रात्री बोटीवर काढायच्या, गोवा पाहून परत यायचे. मुलगा नोकरीला लागला आणि आई-वडिलांना एकदा समुद्र दाखवावा असे त्याला वाटले, तर त्यात वावगे काय? कष्ट करणाऱ्यांनी फक्त बंदरावर ओझी वाहावीत आणि बोटीवरची हवा दुसऱ्यांनी खावी, असा काही नियम नाही. जावे, जरूर जावे. पण पत्रकावरचा आकडा आणि घरी परतल्यावरचा आकडा यांत जे अंतर पडते, त्याचा विचार निघण्यापूर्वी करावा, एवढ्यासाठी हा लेखप्रपंच.

मुंबई-गोवा बोट आपल्याला नवी नाही. गिरण्यांत राबणारा कोकणचा माणूस एके काळी बोटीनेच गावाकडे जात असे. डेकचे तिकीट काढायचे, वळकटी पसरायची, घरून आणलेली भाकरी सोडायची. भाडे म्हणजे भाडे; त्याला पुढे शेपूट नसे. ती बोट गेली आणि तिच्या जागी हौसेची बोट आली. ऑक्टोबर २०१८ मध्ये ‘आंग्रिया’ नावाची बोट मुंबई-गोवा सुरू झाली. ती पुढे बंद पडली. सप्टेंबर २०२१ मध्ये कॉर्डेलिया कंपनीची ‘एम्प्रेस’ मुंबईहून निघू लागली. तिची तिकिटे रेल्वेच्या आयआरसीटीसीनेही विकली. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने ‘क्रूझ भारत मिशन’ जाहीर केले आणि सप्टेंबर २०२५ मध्ये मुंबईतील नव्या आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचे उद्घाटन झाले. म्हणजे ही पत्रके यापुढे वाढणार आहेत. चांदवडच्या स्टँडवरही दिसतील.

आता या बोटींचा हिशेब कसा चालतो ते पाहू. पत्रकावर ठळक अक्षरांत भाडे असते. त्याखाली बारीक अक्षरांत बंदर आकार, कर आणि ग्रॅच्युइटी अशा ओळी येतात. आपल्याकडे ग्रॅच्युइटी म्हटले की निवृत्तीच्या वेळी मिळणारी रक्कम आठवते. बोटीवरची ग्रॅच्युइटी म्हणजे नोकरवर्गाची बक्षिसी, अर्थात टीप. ती माणशी आणि दिवसागणिक लावतात. चौघांचे कुटुंब पाच रात्री राहिले तर ती एकदा नव्हे, वीस वेळा लागते.

परदेशातील बोटींवर हा आकार कसा चढत गेला ते पाहण्यासारखे आहे. रॉयल कॅरिबियन ही अमेरिकेची मोठी कंपनी. तिच्या साध्या खोलीची बक्षिसी जुलै २०१५ मध्ये माणशी दररोज १२.९५ डॉलर होती. जानेवारी २०१८ मध्ये ती १४.५० झाली, सप्टेंबर २०२२ मध्ये १६ आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये १८.५० डॉलर. वीस वेळा १८.५० म्हणजे ३७० डॉलर. डॉलर ८५ रुपयांचा धरला तरी ३१,४५० रुपये झाले. हे भाड्यात नाहीत, भाड्यावर आहेत. त्याच कंपनीच्या बोटीवर पेय विकत घेतले की त्याच्या किमतीवर आणखी १८ टक्के बक्षिसी आपोआप लागते. शिवाय इंटरनेटचे पैसे वेगळे, खास भोजनगृहाचे वेगळे, बंदरावर उतरून गाव पाहायचे तर त्या सहलीचे वेगळे. बोटीवर रोख पैसे चालत नाहीत. खोलीच्या कार्डावर खर्च चढत जातो आणि शेवटी बिल हाती येते. खिशातून नोट काढताना हात अडखळतो, कार्ड पुढे करताना अडखळत नाही, हे माणसाचे मन बोटवाल्यांनी चांगले ओळखले आहे.

कंपन्या असे का करतात? कारण गिऱ्हाईक भाड्याचा आकडा पाहून बोट ठरवते. भाडे कमी दाखवले की गिऱ्हाईक चढते. एकदा चढले की समुद्रात दुसरे दुकान नाही. कार्निव्हल या सर्वांत मोठ्या क्रूझ कंपनीचे २०२४ सालचे एकूण उत्पन्न सुमारे २,५०० कोटी डॉलर होते. त्यातले साडेआठशे कोटींहून थोडे अधिक उत्पन्न तिकिटाबाहेरचे होते. म्हणजे तीन रुपयांतला एक रुपया भाड्याखेरीज येतो. जत्रेत पाळण्याचे तिकीट स्वस्त ठेवून आत भजी महाग विकावीत, तसला हा प्रकार.

येथवर वाचून कोणी म्हणेल, मग सोपे आहे. बक्षिसी द्यायचीच नाही. काही कंपन्यांच्या बोटींवर कार्यालयात सांगून ती कमी करता येते, काढूनही टाकता येते. पण थांबा. ती काढली तर फटका कोणाला बसतो? कंपनीला नाही. आपली खोली झाडणारा, चादर बदलणारा, ताटे उचलणारा जो पोरगा आहे, त्याला बसतो. या बोटींवर भारत, फिलिपिन्स, इंडोनेशिया येथील हजारो तरुण-तरुणी काम करतात. सहा-सहा, नऊ-नऊ महिन्यांचा करार, आठवड्याची सुट्टी नाही, दिवसाचे दहा-दहा तास काम. अनेक बोटी पनामा किंवा बहामा अशा देशांचे निशाण लावून चालतात. त्यामुळे अमेरिकेची बोट असली तरी अमेरिकेचे किमान वेतन या माणसांना लागू होत नाही. त्यांच्या मिळकतीचा मोठा भाग या बक्षिसीवरच उभा असतो. म्हणजे मालकाने द्यायच्या पगाराचा बोजा उतारूच्या अंगावर टाकला आणि वर उतारू व नोकर यांना एकमेकांच्या तोंडाकडे बघत उभे केले.

ही रीत आजची नाही. अमेरिकेत १८६० च्या दशकात गुलामगिरी संपली. त्यानंतर पुलमन कंपनीने आपल्या रेल्वेच्या झोपण्याच्या डब्यांत पोर्टर म्हणून काळ्या माणसांना घेतले, त्यांतले कित्येक कालपर्यंत गुलाम होते. पगार जेमतेम, बाकी उतारूंनी दिलेल्या टिपेवर भागवा. माणसाला त्याचे नावदेखील ठेवले नाही. मालकाच्या नावावरून सगळ्यांनाच ‘जॉर्ज’ म्हणून हाका मारीत. टीप हवी तर हसावे लागे, अपमान गिळावा लागे. १९२५ मध्ये ए. फिलिप रँडॉल्फ यांच्या नेतृत्वाखाली या पोर्टरांनी आपली युनियन उभारली आणि १२ वर्षे झगडून १९३७ मध्ये कंपनीशी पगाराचा व कामाच्या तासांचा लेखी करार केला.

आपल्या घरांत हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. बलुते काय होते? गावकी करायची, रात्रंदिवस हाकेला ओ द्यायची, आणि मोबदला गावाच्या मर्जीवर. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात महार वतनासंबंधी बिल मांडले. त्यात एक कलम असे होते की बलुत्याऐवजी रोख रकमेचा कर बसवावा आणि तो सरकारने शेतसाऱ्याबरोबर वसूल करावा. म्हणजे कामाचा मोबदला दारोदार फिरून मागायचा नाही, हक्काने घ्यायचा. ते बिल त्या वेळी पुढे गेले नाही. वतने रद्द करणारा कायदा व्हायला १९५८ साल उजाडले. मर्जीने मिळते ते दान आणि ठरावाने मिळते ते वेतन, हा फरक आपण फार मोठी किंमत देऊन शिकलो आहोत.

दुसरा दाखला अगदी आपल्या दारातला. बाजार समितीत कांद्याची गाडी लागली की हमाली, तोलाई, वाराई या नावाने कपात होते. ती कोणी द्यायची, शेतकऱ्याने की व्यापाऱ्याने, यावरून एप्रिल २०२४ मध्ये आपल्या जिल्ह्यातले कांदा लिलाव बंद पडले होते. भांडण खरे आहे आणि शेतकऱ्याची तक्रारही खोटी नाही. पण एक गोष्ट ध्यानात घ्या. हमाल तेथे कोणाच्या खुशीवर उभा नाही. १९६९ च्या माथाडी कायद्याने या राज्यात हमालीचा दर ठरतो, मजुरीवर लेव्ही बसते आणि त्या लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी, बोनस, पगारी रजा मिळण्याची सोय होते. दर ठरलेला, तो कागदावर लिहिलेला, म्हणून त्यावर उघड वादही घालता येतो. बोटीवरच्या बक्षिसीत नेमके हेच नाही. घेतात सक्तीसारखी आणि म्हणतात खुशीची.

कायदा आता काय म्हणतो? हॉटेल-उपाहारगृहांच्या बाबतीत केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी मार्गदर्शक सूचना काढल्या. बिलात सेवा आकार आपोआप लावायचा नाही, दुसऱ्या नावाने घुसवायचा नाही, देणे न देणे गिऱ्हाइकाच्या इच्छेवर. हॉटेलवाल्यांच्या संघटना कोर्टात गेल्या. दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ रोजी या सूचना योग्य ठरवल्या. त्यावर पुढे अपीलही झाले. ऑनलाइन खरेदी-आरक्षणासाठी ३० नोव्हेंबर २०२३ रोजी आणखी सूचना निघाल्या. त्यांत फसव्या विक्रीचे १३ प्रकार सांगितले आहेत. सुरुवातीला किंमत कमी दाखवायची आणि पुढे आकार वाढवीत न्यायचे, हा त्यांपैकी एक. इंग्रजीत त्याला जे नाव आहे त्याचा अर्थ ‘ठिबक किंमत’. द्राक्ष-डाळिंबाच्या या भागात ठिबक म्हणजे काय ते पोरासोरांनाही ठाऊक आहे. फरक इतकाच की आपल्या ठिबकने झाड जगते आणि या ठिबकने खिसा वाळतो.

बोटीवर न जाणाऱ्यांनी हा लेख बाजूला ठेवू नये. हाच रोग बोधगयेच्या बसलाही आहे. वर्गणी एक सांगतात. मग वाटेत पार्किंग, प्रवेश फी, चालकाची बक्षिसी, गाइडची बक्षिसी. लुंबिनीला जायचे तर सीमेवर गाडीचा भन्सार भरावा लागतो; तो कोणाच्या खिशातून? रेल्वेने गेलात तर जेवणाचे पैसे तिकिटात भरलेले असतानाही ताटली पुढे येते. पाण्याच्या बाटलीचेच पाहा. सप्टेंबर २०२५ पासून रेल नीरची लिटरची बाटली १४ रुपयांना आहे. वीस मागितले तर बिल मागा. बिल नाही तर पैसे नाहीत, असे रेल्वेनेच जाहीर केलेले आहे.

तेव्हा आमचे सांगणे थोडक्यात असे. पैसे भरण्यापूर्वी संयोजकाला एकच प्रश्न विचारा: घरातून निघून घरी येईपर्यंत माणशी एकूण किती? ते लेखी घ्या. मोबाईलवरचा निरोपही चालेल, पण जपून ठेवा. बक्षिसी धरली आहे की नाही, मुलांना किती, परतीची तारीख बदलली तर किती कापणार, हे त्यातच लिहून घ्या. बोटीवर गेलात तर रोज रात्री कार्डाचा हिशेब मागा, शेवटच्या दिवसाची वाट पाहू नका. ठरल्यापेक्षा जास्त घेतले तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. तेथे भागले नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. पाच लाखांपर्यंत मोबदला दिलेल्या प्रकरणात तेथे तक्रारीला फी लागत नाही.

आणि संघर्ष करायचा तो नोकराशी करू नका. बक्षिसी ठरलेलीच असेल तर ती सहलीच्या खर्चात आधीच धरा आणि मग बेरीज झेपते का पाहा. झेपत नसेल तर सहल पुढे ढकला. पण दिवसभर आपली सेवा करणाऱ्याचा घास काढून आपली हौस पुरी करू नका.

शेवटी एक गोष्ट तरुणांसाठी. हॉटेल मॅनेजमेंटचा कोर्स केलेल्या आपल्या मुलांना ‘बोटीवर नोकरी, डॉलरमध्ये पगार’ म्हणून गाठणारे एजंट गावोगाव फिरतात आणि लाख-दोन लाख मागतात. सागरी कामगार करार हा आंतरराष्ट्रीय करार भारताने २०१५ मध्ये मान्य केला आहे. त्यानुसार नोकरी लावून देण्याबद्दल उमेदवाराकडून पैसे घेता येत नाहीत. पासपोर्ट, खलाशाचे पुस्तक म्हणजे सीडीसी आणि वैद्यकीय दाखला एवढ्याचाच खर्च उमेदवाराचा. व्हिसाचा खर्च मालकाचा. एजंटाकडे मुंबईच्या डीजी शिपिंगचा परवाना आहे का ते आधी तपासा. करारात मूळ पगार किती आणि बक्षिसी धरून किती, हे दोन आकडे वेगवेगळे लिहून मागा. दुसरा आकडा मोठा आणि पहिला कोरा असेल तर सही करू नका. शेत विकून, सोने गहाण टाकून पोराला बोटीवर पाठवायचे आणि त्याने तेथे परक्याच्या खुशीवर जगायचे, यासाठी आपण त्याला शिकवलेले नाही.

सहलीला जा, नोकरीलाही जा. मात्र सही करण्यापूर्वी बेरीज करा.