उंची मोजायची कशापासून?

मुंबईच्या चौपाटीवर, लाटांच्या काठाशी उभे राहून उपग्रहांवर चालणारे मोजणीयंत्र सुरू केले, तर ते आपली उंची उणे साठ मीटरच्या आसपास दाखवू शकेल. पाय तर कोरडे! पण यंत्र बिघडलेले नसते. ते समुद्रसपाटीपासून मोजतच नाही; पृथ्वीसाठी गणिताने आखलेल्या एका गुळगुळीत लंबगोलापासून मोजते. आपल्याकडे समुद्राची पातळी या लंबगोलाच्या बरीच खाली आहे. श्रीलंकेच्या दक्षिणेला तर हे अंतर शंभर मीटरच्या पुढे जाते.

राज्यात जमिनीची मोजणी आता ‘रोव्हर’ने होऊ लागली आहे. बांधाची खूण दोन-तीन सेंटिमीटरपर्यंत अचूक मिळू शकते. उंचीत मात्र चूक साधारण दीडपट ते दुप्पट. कारण साधे आहे. उपग्रह चारही दिशांना असल्याने आडव्या चुका एकमेकींना बऱ्याच अंशी छेद देतात. खालच्या बाजूला पृथ्वीच आड येते. उपग्रह उरतात ते फक्त वरचे.

सातबाऱ्यावर उंचीचा रकाना नाही, मग काळजी कशाला? हा प्रश्न कोल्हापूरकरांना विचारावा. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट. 2019 आणि 2021 मध्ये पाणी 55 फुटांच्याही वर गेले. सपाट नदीकाठी उंचीत फूटभर फरक पडला, तरी पूररेषा कितीतरी दूर सरकते. आयुष्याची पुंजी घालून घेतलेली जागा तिच्या आत की बाहेर, हे त्यावर ठरते.

यावर उपाय नाही असे नाही. जागोजागी गुरुत्वाकर्षण मोजून समुद्रपातळीचा नकाशा तयार करायचा, जुन्या बेंचमार्कांशी तो ताडून पाहायचा आणि मगच यंत्राच्या आकड्यात दुरुस्ती करायची. नेपाळ आणि चीनने 2020 मध्ये एव्हरेस्टची 8848.86 मीटर ही उंची जाहीर केली, तीही शिखरावरच्या उपग्रह-मोजणीला गुरुत्वमापनाची जोड देऊनच.

म्हणूनच पूररेषेचा नकाशा समोर आला, की नागरिकांनी एक प्रश्न जरूर विचारावा: ही उंची कशापासून मोजली, आणि तिच्यात चूक किती? पाणी उपग्रहाला विचारून वाहत नाही. ते उताराकडेच धावते.