एका नावाच्या दोन वाटण्या

भाऊबंदकी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर बांधावरचं भांडण, सामाईक विहीर आणि कोर्टाच्या तारखा उभ्या राहतात. पण जमीन नाही, वाडा नाही, नुसत्या एका नावापायी भावाभावांचं प्रकरण कोर्टापर्यंत गेलं, असं तुम्ही कधी ऐकलंय? आणि ते नावही कसलं, तर सरकारी फॉर्मचं!

ही गोष्ट आहे इंग्लंडमधल्या 'यूबी फॉर्टी' या रेगे बँडची. ब्रिटनमध्ये बेकारभत्ता मागायला जाणाऱ्याला जे कार्ड मिळे, त्याचा सरकारी क्रमांक होता यूबी ४०. १९७८ साली बर्मिंगहॅममध्ये आठ तरुण एकत्र आले, तेव्हा त्यांच्यातल्या बहुतेकांच्या खिशात हेच कार्ड होतं. मग बँडला दुसरं नाव शोधायचं कशाला?

यातले काहीजण शाळेपासूनचे मित्र. अली आणि रॉबिन कॅम्पबेल हे सख्खे भाऊ. त्यांचे वडील इयन कॅम्पबेल हे मूळचे स्कॉटलंडचे, नावाजलेले लोकगीत गायक. बाकीच्यांपैकी कोणाचे आईवडील जमैकाचे, कोणाचे आयरिश, कोणाचे वेल्श, तर कोणाचे येमेनचे. बहुतेकांना धड वाजवताही येत नव्हतं. अलीला सतराव्या वाढदिवशी एका मारामारीत डोळ्याजवळ जबर जखम झाली होती. तिची जी नुकसानभरपाई मिळाली, तिच्यातून पहिली वाद्यं आली. मग तळघरात बसून महिनोन् महिने रियाझ. बेकारीत वेळ तर भरपूरच होता!

त्यांनी रेगेच का निवडलं? दुसऱ्या महायुद्धानंतर कॅरिबियन बेटांवरून हजारो कुटुंबं कामधंद्यासाठी ब्रिटनमध्ये आली आणि येताना आपलं संगीत घेऊन आली. ही मुलं वाढली त्या वस्तीत खिडक्याखिडक्यांतून हेच सूर ऐकू येत. रेगेची गंमत तिच्या ठेक्यात आहे. आपल्याकडे सम म्हणजे सगळ्या तालाचा मुक्काम. गायक कुठेही फिरून आला तरी समेवर टेकतो आणि श्रोत्यांच्या माना डोलतात. रेगेच्या एका प्रसिद्ध ठेक्यात नेमकी पहिली मात्रा रिकामी सोडतात आणि जोर देतात तिसरीवर. गिटार मधल्या जागा तोडून तोडून भरते आणि खालून बास गिटार घुमत राहते. ऐकणाऱ्याचं अंग आपोआप झुलू लागतं.

१९७९ मध्ये बर्मिंगहॅमच्या 'हेअर अँड हाउंड्स' या पबमध्ये त्यांचा पहिला कार्यक्रम झाला. पुढे 'प्रिटेंडर्स' बँडची गायिका क्रिसी हाइंड हिने त्यांना ऐकलं आणि आपल्या दौऱ्यात सोबत घेतलं. १९८० मध्ये पहिलीच रेकॉर्ड ब्रिटनमध्ये चौथ्या क्रमांकापर्यंत पोचली. तिच्या एका बाजूला मार्टिन ल्यूथर किंगवरचं गाणं, दुसऱ्या बाजूला दुष्काळावरचं. त्याच वर्षी आलेल्या पहिल्या अल्बमचं नाव होतं 'साइनिंग ऑफ', म्हणजे बेकारांच्या यादीतून आपलं नाव कमी करणं. वेष्टणावर तेच बेकारीचं कार्ड छापलेलं!

पुढच्या वर्षी त्यांनी 'वन इन टेन' हे गाणं केलं. त्या वेळी त्यांच्या भागात साधारण दहा कामगारांमागे एकजण बेकार होता, त्या आकड्यावरचं. ज्यांनी स्वतः रांगेत उभं राहून भत्ता घेतला, त्यांनाच असं गाणं सुचावं.

पैसा आल्यावर या मंडळींनी एक निर्णय घेतला. तो आपल्या जुन्या एकत्र कुटुंबात शोभला असता. गाणं कोणीही रचो, चाल कोणालाही सुचो, नाव सगळ्या बँडचं आणि पैसे आठ जणांत सारखे. त्यांनी स्वतःची रेकॉर्ड कंपनी काढली आणि एका जुन्या कत्तलखान्याच्या जागेत स्टुडिओ थाटला.

खरं वैभव मात्र दुसऱ्यांच्या गाण्यांनी आणलं. १९८३ मध्ये 'लेबर ऑफ लव्ह' या अल्बममध्ये त्यांनी लहानपणी ऐकलेली गाणी नव्याने गायली. त्यातलं 'रेड रेड वाइन' मूळचं अमेरिकन गायक नील डायमंडचं. पण या पोरांनी ते ऐकलं होतं जमैकाच्या टोनी ट्राइबच्या आवाजात. मूळ मालक डायमंड आहे, हे कळल्यावर तेच चकित झाले! गाणं ब्रिटनमध्ये पहिलं आलं आणि पाच वर्षांनी, १९८८ मध्ये, अमेरिकेतही. १९९३ मध्ये एल्व्हिस प्रेस्लीच्या एका जुन्या प्रेमगीताला त्यांनी रेगेचा साज चढवला. ते अमेरिकेत सात आठवडे अव्वल होतं. केबल टीव्ही नुकताच घरात आला होता त्या दिवसांत तुमच्याही कानावर ते पडलं असेल.

जवळजवळ तीस वर्षं हे आठजण एकत्र राहिले. चार जणांचं नाटक मंडळ चार वर्षं टिकत नाही, हे पाहिलेल्यांना त्याचं मोल कळेल. मग बिनसलं कुठे? सुरात नाही, हिशेबात. २००८ मध्ये मुख्य गायक अली बाहेर पडला. कारभार ज्या प्रकारे चालला आहे त्यावर आपला विश्वास राहिला नाही, असं त्याचं म्हणणं. त्याला स्वतःची वेगळी वाट धरायची आहे, असं बाकीच्यांचं. पाठोपाठ कीबोर्ड वाजवणारा मिकी व्हर्च्यू गेला. रिकाम्या जागी गायला आला कोण? कॅम्पबेलांचाच आणखी एक भाऊ, डंकन! दोन भाऊ एका बाजूला, एक दुसऱ्या बाजूला.

२०११ मध्ये कंपनीच्या कर्जापायी बँडमधल्या चौघांना दिवाळखोर जाहीर केलं गेलं. ज्यांनी बेकारीच्या कार्डावर सुरुवात केली, ते लाखो रेकॉर्ड विकूनही पुन्हा रिकाम्या हातांनी उभे राहिले. २०१३ मध्ये आणखी एक गायक, अ‍ॅस्ट्रो, अलीकडे गेला. मग एकाच नावाचे दोन बँड झाले आणि ते नाव कोणी लावायचं, यावर कोर्टकज्जा सुरू झाला.

२०२१ हे साल तर फारच वाईट ठरलं. आजारपणामुळे डंकन निवृत्त झाला. ऑगस्टमध्ये सॅक्सोफोन वाजवणारा ब्रायन ट्रॅव्हर्स कर्करोगाने गेला आणि नोव्हेंबरमध्ये अ‍ॅस्ट्रो. एकत्र वाजवण्याची ज्यांची आशा श्रोते धरून होते, त्यांच्यातले दोघे कायमचे दूर गेले.

आठ जणांत सारखी वाटणी करण्याइतकं मोठं मन या मित्रांकडे होतं. पण सारखी वाटणी म्हणजे सारखी माहिती नव्हे. पैसे किती येतात, कुठे जातात, कर्ज कोणाच्या सहीने निघतं, हे घरातल्या प्रत्येकाने वर्षातून एकदा तरी एकत्र बसून पाहायला हवं. विश्वासाच्या माणसांत हिशेब विचारणं आपल्याला अवघड वाटतं. पण न विचारलेला हिशेब मनात साठत जातो आणि एक दिवस बाहेर पडतो, तेव्हा तो पैशांपुरता राहत नाही. तोवर भाऊ भावाशी बोलेनासा झालेला असतो.