द्राक्षांच्या गावातला मुक्काम



दर वर्षी या पानावर मी घरातली एखादी गोष्ट सांगते. यंदाची गोष्ट एका सहीची आहे. ती करायला मला तीन महिने लागले.

मे महिन्यात मामेभावाचा फोन आला, तेव्हा मी इथे अल क्वोजमध्येच, अलसरकाल ॲव्हेन्यूत लेकीच्या चित्रकलेच्या वर्गाबाहेर बसले होते. पूर्वी जिथे गोदामं आणि संगमरवराचा कारखाना होता, तिथे आता चित्रदालनं आणि कॉफीची दुकानं आहेत. गेल्या वर्षी भाऊ दुबईला आला, तेव्हा त्याला ही जागा फार आवडली होती. "ताई, आपल्या वाड्याचं असंच काहीतरी करायचंय," तो म्हणाला. "बँक कर्ज द्यायला तयार आहे, पण उताऱ्यावर ज्यांची नावं आहेत त्या सगळ्यांची संमती लागेल."

वाडा माझ्या आजोळचा. निफाड तालुक्यात, विंचूरपासून जवळ. दगडी जोतं, सागवानी खांब, मधे चौक, समोर लांबलचक ओसरी. आई गेल्यावर तिच्या जागी उताऱ्यावर माझं नाव लागलं. मामांनी हक्कसोडपत्राचा विषयसुद्धा कधी काढला नाही, हे मुद्दाम सांगते. कारण अशा कागदांवरून माहेर तुटलेल्या मैत्रिणी आपल्यातही आहेत.

भावाला वाड्यात पाहुण्यांसाठी सहा खोल्या करायच्या होत्या. पाहुणे म्हणजे मुंबई-पुण्याहून वाईनरी बघायला येणारी मंडळी. त्याने मला पोर्तुगालचे फोटो पाठवले. तिथे दोउरो नदीच्या खोऱ्यात १७५६ सालीच वाईनच्या प्रदेशाची हद्द आखली गेली होती. तिथल्या मळ्यांमधल्या जुन्या घरांतून आज प्रवासी उतरतात. "त्यांना जमतं, मग आपल्याला का नाही?" असं त्याचं म्हणणं.

वाईन हा शब्द आमच्या घरात जरा जपूनच उच्चारला जातो. त्याला कारण आहे.

महाराष्ट्रात वाईनचा मोठा प्रयत्न पहिल्यांदा झाला तो १९८०च्या दशकात, नारायणगावला, शामराव चौगुले यांच्या इंडेजमधून. नाशिकला राजीव सामंत यांनी १९९७च्या सुमारास वेली लावल्या, आईच्या सुलभा या नावावरून मळ्याला 'सुला' म्हटलं आणि २००० साली त्यांची पहिली वाईन बाजारात आली. २००१ मध्ये राज्य सरकारनं द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं. नाशिक जिल्ह्यात विंचूरला आणि सांगली जिल्ह्यात पलूसला वाईन पार्क ठरले. आमच्या भागात एकच बोलणं सुरू झालं: खाण्याच्या द्राक्षाचा भाव व्यापारी ठरवतो, वाईनच्या द्राक्षाला मात्र करार असतो.

मामांनी २००६ मध्ये दोन एकरांवर वाईनची द्राक्षं लावली. एका वाईनरीशी लेखी करार होता. मामा माळकरी. गावात कुजबुज झाली, तर ते म्हणाले, "मी द्राक्ष पिकवतो. पुढचं ज्याचं त्याच्यापाशी."

दोन हंगाम बरे गेले. मग २००८ची जागतिक मंदी आली, त्याच वर्षी मुंबईवर हल्ला झाला, हॉटेलं ओस पडली आणि वाईनच्या टाक्या भरलेल्या राहिल्या. अनेक वाईनरींनी माल उचलणं थांबवलं. मामांच्या वाईनरीनं आधी पैसे थकवले, मग फोन घेणं बंद केलं. वाईनच्या द्राक्षाची अडचण अशी, की मणी बारीक, साल जाड, आत बिया. ते बाजारात खायला म्हणून कुणी घेत नाही. थॉम्पसनचा भाव पडला तर निदान बेदाणा करता येतो. इथे तोही मार्ग नव्हता. २०११ मध्ये मामांनी त्या वेली मुळासकट काढल्या. मी तेव्हा एमए करत होते. सुटीत गेले, तर बांधावर वाळलेल्या खोडांचा ढीग होता आणि मामी त्यातलीच लाकडं चुलीत घालत होती. कुणी काही बोललं नाही.

तरीही नाशिकचा धंदा संपला नाही, बदलला. टिकलेल्या वाईनरींनी बाटलीबरोबर तिथला दिवसही विकायला सुरुवात केली: मळ्यातून फेरफटका, चव घेणं, जेवण आणि रात्रीचा मुक्काम. सुलानं तर मळ्याशेजारी राहण्याची सोय केली, आणि डिसेंबर २०२२ मध्ये कंपनी शेअर बाजारातही आली. त्याच वर्षी जानेवारीत सुपरमार्केटमध्ये वाईन विकू देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळानं घेतला, त्यावर गदारोळ झाला आणि तो मागे पडला. पर्यटकांची वर्दळ मात्र वाढतच राहिली. भावाचा हिशेब सरळ होता. "बाबांचा माल वाईनरीच्या दारात अडकला. पाहुणा पैसे देऊनच खोलीत पाऊल टाकतो."

मग माझी सही कुठे अडली?

पौषात. पौष वद्य एकादशीला त्र्यंबकेश्वरला संत निवृत्तिनाथांची यात्रा असते. तिला पायी जाणारी मराठवाड्यातली एक दिंडी पणजोबांच्या काळापासून आमच्या वाड्यात एक रात्र उतरते. शंभरेक माणसं. ओसरीवर, चौकात, माजघरात जागा मिळेल तिथे पथाऱ्या. मामी आणि शेजारणी पिठलं-भाकरी करतात, रात्री कीर्तन होतं, पहाटे अंगण झाडून माणसं पुढे निघतात. लहानपणी मला वाटायचं, वाडा बांधलाच आहे त्या एका रात्रीसाठी.

पौष वद्य एकादशी बहुतेक जानेवारीत येते. वाईनच्या द्राक्षांची तोडणीही जानेवारी ते मार्च. पर्यटकांची सगळ्यात जास्त गर्दी नेमकी तेव्हाच. मी भावाला विचारलं, "दिंडी कुठे उतरणार?" तो म्हणाला, "शाळेत सोय करू. मंडप, जेवण, सगळा खर्च माझा." मी म्हटलं, विचार करते.

नाशिकला माणूस मुक्कामाला येतो, ही काही वाईननं आणलेली रीत नाही. पंचवटीत तीर्थोपाध्यांच्या घरी यात्रेकरू उतरत, उपाध्ये आपल्या वहीत त्यांच्या पिढ्यांची नावं लिहून ठेवत. गाडगे महाराजांनी तिथे धर्मशाळा बांधली. तिथे येणाऱ्याची ऐपत पाहिली जात नव्हती.

आणि हे मी दुबईत बसून कुणाला शिकवणार? माझे यजमान इथे आले, तेव्हा बेडस्पेस मिळेपर्यंत करामात एका मराठी कुटुंबाच्या हॉलमध्ये गादी टाकून तीन आठवडे राहिले. धड ओळखही नव्हती, कुणाच्या तरी मेहुण्याचं नाव सांगितलं होतं एवढंच. आपल्यापैकी कितीजणांचा इथला पहिला मुक्काम असाच आहे! पण भावाचंही मला पटत होतं. कडीपाटाच्या छताला दर पावसाळ्यात ठिगळं लावणारा तो आहे. मी दूर बसून परंपरा जपा म्हणणार आणि गळणारं पाणी त्यानं झेलायचं, हे बरोबर नव्हे.

शेवटी मामांना फोन केला.

"मामा, तुम्हाला काय वाटतं?"

"बाळ, खोल्या होऊ देत. त्याच्या पोरांची शिक्षणं आहेत. द्राक्षाचा भरवसा मी बघितलाय." थोडं थांबून म्हणाले, "दिंडी शाळेत जाईल, तर मीही तिथेच जाऊन झोपेन. एवढंच."

हे मी भावाला जसंच्या तसं सांगितलं. आठ दिवस त्याचा फोन आला नाही. मग एक मेसेज आला: दर वर्षी दिंडीच्या मुक्कामाचे तीन दिवस बुकिंग बंद, ओसरी आणि चौक आहेत तसेच राहणार, खोल्या फक्त मागच्या सोप्यात. सहाऐवजी चारच. कर्जही त्या मानानं कमी घेतोय. खाली लिहिलं होतं, "ताई, त्या तीन दिवसांचं नुकसान किती ते काढलंय. तुला सांगत नाही."

ऑगस्टमध्ये आपल्या वाणिज्य दूतावासात जाऊन संमतीचं मुखत्यारपत्र साक्षांकित केलं. काउंटरवरच्या मुलानं विचारलं, "मॅडम, प्रॉपर्टी विकताय?" म्हटलं, नाही रे, पाहुणे ठेवतोय.

या जानेवारीत लेकीला घेऊन जायचं ठरवलंय. काम पूर्ण झालेलं नसेल, पण ओसरी मोकळी आहे. पथारी आपली आपण न्यायची, असं भावानं आत्ताच बजावलंय.