जोखमीचे व्याज कुणाला, जोखीम कुणाला?

बचत गटाच्या बैठकीत झांबिया-श्रीलंकेच्या कर्जाचा विषय काढला, तर एकीने विचारले, "ताई, बुडणाऱ्याला सावकार कर्ज देतोच कशाला?" व्याजासाठी! झांबियाने परदेशी खाजगी गुंतवणूकदारांना डॉलरचे रोखे विकले, तेव्हा २०१२ मध्ये व्याज साडेपाच टक्क्यांच्या आसपास होते. २०१५ मध्ये जवळजवळ नऊ. जास्तीचे व्याज जोखमीचे, म्हणे.

२०२० मध्ये झांबियाचा हप्ता चुकला. २०२२ मध्ये श्रीलंकेने परतफेड थांबवली. रोखेधारकांनी काही रक्कम सोडली, हे खरे. पण दोन्ही देशांची स्थिती सुधारली तर त्यांना जादा मिळण्याची सोय २०२४ च्या करारांत आहेच.

झांबियाने निदान देशांतर्गत कर्ज फेररचनेतून वगळले. श्रीलंकेने २०२३ मध्ये आपल्या रुपयातल्या रोख्यांची फेररचना करताना बँकांना वगळले आणि कामगारांच्या भविष्यनिर्वाह निधीला बजावले : कमी व्याजाचे रोखे घ्या, नाहीतर १४ ऐवजी ३० टक्के कर भरा. या निधीत कपडे शिवणाऱ्या, चहा खुडणाऱ्या बायांची पुंजी आहे. देशाला डॉलर मिळवून देणाऱ्याही त्याच. त्यांची तूट आधी भरून द्या, मग रोखेधारकांच्या जादा परताव्याचे बोला.