वाकळ शिवणारी बाई कलावंतच आहे

सातारा-सांगलीच्या गावांत वाकळ शिवणाऱ्या बाईला कलावंत म्हणायची पद्धत नाही. तिच्या गोधडीच्या उबेचे कौतुक होते, तिच्यावर कविता लिहिल्या जातात, मुंबई-पुण्याहून आलेले पाहुणे जाताना एखादी मागून नेतात; पण साठी ओलांडलेल्या त्या बाईची नोंद मात्र ‘बसल्या बसल्या काहीतरी करत असते’ एवढ्यावरच संपते. यामागे दोन समजुती आहेत. कला म्हटली की ती लहान वयात, गुरूपाशी बसून शिकायची असते, ही पहिली. टाकाऊ कापडाचे जे काही होते ती काटकसर, कला नव्हे, ही दुसरी. या दोन्ही समजुती चुकीच्या आहेत असे माझे स्पष्ट मत आहे. जुन्या कापडाची ही कला उतारवयात हाती येते यात तिचा कमीपणा काहीच नाही, कारण ती हाती येण्यासाठी उतारवयच लागते. ज्या वयाला आपण निवृत्तीचे म्हणतो, तेच या कलेचे भांडवल आहे.

आधी मालाकडे पाहावे. कोरे सुती कापड वाकळेला नीट चालत नाही. त्यात खळ असते, ते ताठ असते, पहिल्या धुण्यात आटते आणि टाके ओढून धरते. वाकळेला हवे असते ते वर्षानुवर्षे नेसलेले, धुतलेले, उन्हात वाळलेले लुगडे. तेही सगळीकडे सारखे झिजत नाही. नऊवारीचा उठण्या-बसण्यात घासला जाणारा भाग आधी विरतो, पदर आणि काठ त्या मानाने टिकतात. म्हणून पूर्वी बायका विरलेला भाग कापून टाकत, उरलेले दोन तुकडे दंड घालून जोडत आणि तेच लुगडे आणखी काही काळ नेसत. दंड घालूनही भागेना, की मग ते वाकळेच्या वाट्याला येई. शिवायला बसण्यापूर्वी जाणती बाई कापड दोन्ही हातांत ताणून उजेडासमोर धरते. जिथून उजेड जास्त येतो तो तुकडा पोटात, भर म्हणून जातो. जिथे वीण अजून दाट आहे तो वर किंवा खाली येतो. इरकली काठ कुठे लागेल, खणाच्या चोळीचा लाल तुकडा कोणत्या हिरव्याशेजारी उठून दिसेल, हेही त्याच बैठकीत ठरते. ही पारख कुठल्या शाळेत मिळत नाही. तीस-चाळीस वर्षे कापड नेसून, धुऊन, फाटले तिथे सांधून ज्या हातांना कापडाचा स्वभाव कळला आहे, त्यांनाच ती येते. विशीतल्या मुलीला टाका शिकवता येईल; कापड कुठे दगा देईल हे तिला वर्षांनीच कळेल.

आता श्रमाचा हिशेब करू, कारण ‘बसल्या बसल्या’ या शब्दांत सगळ्यात आधी श्रमच पुसले जातात. सपाट जमिनीवर खालचे लुगडे अंथरायचे, कोपऱ्यांवर वजने ठेवायची, भर पसरून हाताने सारखी करायची, वरचा थर घालून कडा दुमडायच्या आणि मग धावदोरा घालायचा. पाच फूट रुंद आणि सात फूट लांब वाकळ घेतली, दोन ओळींत इंचाचे अंतर ठेवले आणि इंचाला तीन टाके धरले, तर १५,१२० टाके होतात. ओळी जवळ घेतल्या तर याहून कितीतरी जास्त. प्रत्येक टाका चार-पाच थरांतून आरपार जायला हवा. दोरा जास्त ओढला तर कापडाला चुण्या पडतात, सैल सोडला तर दोन धुण्यांत भर सरकून तिचे गोळे होतात. पहिल्या टाक्यापासून शेवटच्या टाक्यापर्यंत हाताचा ताण एकसारखा राखणे याला जगातल्या कुठल्याही विणकामात, भरतकामात कौशल्यच म्हणतात. इथे वेगळे नाव देण्याचे कारण नाही.

पहिला आक्षेप वयाचा. साठीनंतर नवे काय शिकणार, डोळे आणि बोटे साथ देणार का, असे विचारले जाते. शिकण्याबद्दलचे उत्तर साताऱ्याच्या माण तालुक्यातच मिळते. म्हसवडला महिलांची सहकारी बँक काढायचे ठरले तेव्हा प्रवर्तक बायकांना लिहितावाचता येत नाही, या कारणावरून परवानगी नाकारली गेली होती. त्या बायका अक्षरे शिकल्या, पुन्हा अर्ज घेऊन गेल्या आणि चेतना सिन्हा यांच्या पुढाकाराने १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. मोठ्या वयात अक्षर शिकता येते, तर टाका, रंगसंगती आणि रचना का शिकता येणार नाही? बाहेरच्या जगातही हेच दिसते. १९११ मध्ये जन्मलेल्या लुईझ बूर्झ्वा या शिल्पकार बाईंनी ऐंशी ओलांडल्यावर आपल्या जुन्या कपड्यांतून शिल्पे घडवायला घेतली. नव्वदीत, २००२ साली, त्यांनी जुन्या कापडांचे एक शिवलेले पुस्तक केले. त्याची पाने म्हणजे त्यांच्या स्वतःच्या लग्नातले रुमाल होते. बोटांचा प्रश्न मात्र खरा आहे आणि तो टाळू नये. ‘ग्रँडमा मोझेस’ म्हणून ओळखल्या गेलेल्या अमेरिकन चित्रकार बाई आधी लोकरीने चित्रे भरत. संधिवाताने सुई धरवेना तेव्हा, पंचाहत्तरीनंतर, त्यांनी कुंचला हाती घेतला. म्हणजे शरीर थकले तर काम बदलते, थांबत नाही. वाकळेच्या कामात तर याची सोय पहिल्यापासून आहे: नात सुईत दोरा ओवून देते, शेजारणी दोन बाजूंना बसून ओळी घालतात, आणि कोणता तुकडा कुठे बसायचा हे थोरली सांगते. रचना करणारी एक आणि टाके घालणाऱ्या अनेक, हे मोठ्या कलाशाळांतही चालते. त्यामुळे रचनाकाराचा मान कमी होत नाही.

दुसरा आक्षेप असा, की वाकळ ही अंथरा-पांघरायची वस्तू, तीही गरिबीतून आलेली. तिला कला म्हणणे म्हणजे गरिबीला मखरात बसवणे. यातला पहिला भाग खरा आहे. वाकळ निघाली ती गरजेतूनच. पण गरजेतून निघालेली वस्तू कला होऊ शकत नाही, हा निष्कर्ष त्यातून निघत नाही. अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात जीज बेंड नावाचे गाव आहे. गुलामीतून सुटलेल्या कुटुंबांच्या वंशज बायका तिथे शेतावरचे फाटके कपडे आणि पोती जोडून थंडीसाठी गोधड्या शिवत. २००२ मध्ये त्या गोधड्या ह्यूस्टनच्या ललित कला संग्रहालयात आणि पुढे न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात भिंतीवर लागल्या. २००६ मध्ये अमेरिकी टपाल खात्याने त्यांची तिकिटे काढली. गोधड्या त्याच होत्या, बायका त्याच होत्या. पाहणाऱ्यांनी फक्त त्यांच्याकडे नीट पाहिले. आपल्याकडे तर वाकळेकडे नीट पाहायला आणखी एक कारण आहे. सातारा-सांगलीचे हजारो पुरुष मुंबईच्या गिरण्यांत राबले. त्या गिरण्यांचे धोतर, पातळ, मांजरपाट गावी आले आणि झिजून वाकळेत गेले. १९८२ च्या संपानंतर गिरण्या ढासळल्या, घरोघरी पॉलिस्टर आले, आणि वाकळेचे रंग, पोत, वजन बदलत गेले. एखाद्या घरातल्या तीन पिढ्यांच्या वाकळा शेजारी शेजारी अंथरल्या, तर हातमागापासून सिंथेटिक साडीपर्यंतचा पश्चिम महाराष्ट्राच्या कापडाचा इतिहास तिथे पाहता येतो. राहिली गोष्ट लाजेची. नवजात बाळाला कोरे कापड टोचेल म्हणून आपण जुन्या लुगड्याच्या दुपट्यात गुंडाळतो. जन्माच्या पहिल्या दिवशी ज्या कापडाला शुभ मानायचे, तेच पुढे दारिद्र्याची खूण मानायचे, यात तर्क कुठेच नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत गोड, आणि म्हणूनच सर्वांत घातक. गोधडी म्हणजे आईची माया, मायेचा का भाव करायचा, असे म्हटले जाते. माया खरी आहे, पण तिचे नाव पुढे करून कौशल्याचे मोल नाकारायचे, हे शिवणारीवर अन्याय करणारे आहे. आईने केलेल्या स्वयंपाकात माया असते म्हणून आचाऱ्याला कोणी फुकट राबवत नाही. बाजाराची दुसरी बाजूही मला मान्य आहे. पानिपतच्या कारखान्यांतून जुन्या कपड्यांचीच स्वस्त ब्लँकेटे येतात. पांघरूण म्हणून वाकळ त्यांच्याशी भावात टिकणार नाही. म्हणूनच ती पांघरुणाच्या भावाने विकू नये. पंधरा हजार टाक्यांचे काम कलाकृतीच्या भावानेच विकले पाहिजे. त्यातही सावध राहावे लागेल. जीज बेंडच्या काही बायकांना आपल्या कामाचा मोबदला नीट मिळाला नाही म्हणून २००७ मध्ये न्यायालयात जावे लागले; पुढच्या वर्षी तडजोड झाली. यातून धडा घ्यायचा तो बाजार टाळण्याचा नव्हे. नाव, नकलेचा हक्क आणि नफ्यातला वाटा आधी कागदावर आणण्याचा आहे.

चौथा आक्षेप जाणकारांचा. सुती लुगडी संपली, घराघरांत सिंथेटिक साड्या आल्या, मग ही कला टिकणार कशावर? अडचण खरी आहे. पॉलिस्टर घाम टिपत नाही, धुऊन मऊ पडत नाही, सुईखाली घसरते. पण माल बदलला की कला मरते असे नाही. तिला नवी रीत शोधावी लागते. सिंथेटिक साडीच्या पट्ट्या फाडून वेण्या घालता येतात, बाज विणता येते, जाड चटया आणि भिंतीवरचे पट करता येतात. विट्याच्या यंत्रमागांवरचे उरलेले सूत, शिंप्याकडच्या चिंध्या, खताच्या पोत्याचा धागा, जुना गोणपाट, हा सगळा कच्चा माल हाताशी पडून आहे. आज तो कचऱ्यात जातो, साड्या भांड्याच्या बदल्यात बोहारणीकडे जातात. घानात जन्मलेले आणि नायजेरियात काम केलेले एल अनात्सुई यांनी पन्नाशी ओलांडल्यावर दारूच्या बाटल्यांची टाकून दिलेली झाकणे तांब्याच्या तारेने जोडून कापडासारखे भव्य पट केले आणि जगभरच्या संग्रहालयांनी ते घेतले. त्यांच्याकडे लुगडी नव्हती. होती ती टाकलेल्या वस्तूकडे पाहायची नजर, आणि ती नजर आपल्या गावांतल्या थोरल्या बायकांकडे भरपूर आहे.

म्हणून मागणे नेमके आहे. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत १८ व्यवसाय आहेत. त्यात शिंपी आहे, चटई आणि झाडू करणारे आहेत, बाहुल्या-खेळणी करणारे आहेत, पण वाकळ शिवणारी स्वतंत्रपणे नाही. तिचे नाव त्या यादीत यावे. बचत गटांच्या प्रदर्शनांत लोणची-पापडांच्या टेबलाच्या कडेला घडी घालून ठेवलेली वाकळ उलगडून भिंतीवर टांगावी आणि तिच्यावर शिवणारीचे नाव, गाव, वर्ष आणि कापड कुठून आले याची पट्टी असावी. शिवणारीने स्वतःही कोपऱ्यात आपले नाव दोऱ्याने घालावे. चित्रकार राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी १९३८ मध्ये औंधच्या टेकडीवर श्री भवानी संग्रहालय उभारले. खटावच्या कोरडवाहू गावात जगातली चित्रे-शिल्पे आणून ठेवणारा हा जिल्हा आहे. त्याच टेकडीवर माण, खटाव, जत, आटपाडीच्या वाकळांचे एक नावानिशी मांडलेले दालन व्हावे, ही अवाजवी अपेक्षा नाही. साठीच्या पुढे ज्या बायकांनी नुकतीच सुई हाती घेतली आहे त्यांना ‘वेळ जातो ना’ असे विचारू नये. पुढची कलाकृती कोणती, असे विचारावे. आणि तिची किंमत त्या सांगतील ती द्यावी.