खतावणीला नकाशाची जोड



व्यापारी माणूस 'किती' आणि 'कोणाकडे' हे दोन प्रश्न कधी विसरत नाही. 'कोठे' हा तिसरा प्रश्न मात्र बहुधा सुटून जातो. त्याचे मोल मला बँकेच्या नोकरीत, जरा उशिराच, कळले.

एका वर्षी शेवगाव तालुक्यातील पीककर्जाच्या थकबाकीची यादी माझ्यापुढे आली. पाऊस भरपूर झाला होता, कपाशीला भावही बरा होता. तरी काही खाती थकली होती. आडनावांच्या अनुक्रमाने लावलेल्या त्या यादीवर मी 'ऐपत असून टाळाटाळ' असा शेरा मारला. पुढे एका सहकाऱ्याने त्याच खातेदारांची शेते तालुक्याच्या नकाशावर पेन्सिलीने टिपली. बहुतेक ठिपके एकाच ओढ्याच्या काठाने ओळीत उभे राहिले. आम्ही समक्ष गेलो तेव्हा उलगडा झाला. काळ्या, चिकण जमिनीत पाणी साचून कपाशीची मुळे कुजली होती. ज्या पावसाने इतरांना तारले, त्यानेच यांना बुडवले होते. मी शेरा खोडला. परंतु नोटिसा आधीच गेल्या होत्या. त्या दारांत उभे राहताना मान वर होईना.

भूगोल म्हणजे राजधान्यांची नावे पाठ करणे नव्हे. एखादी गोष्ट येथेच का घडते, असे विचारून माहिती जमवावी, नकाशावर मांडावी आणि निष्कर्ष जागेवर जाऊन पडताळावा, हा भौगोलिक शोध होय. १८५४ साली लंडनमध्ये कॉलऱ्याची साथ आली, तेव्हा डॉ. जॉन स्नो यांनी घरोघरी चौकशी केली आणि मृत्यू नकाशावर दाखवले. ते ब्रॉड स्ट्रीटवरील एका पंपाभोवती दाटलेले होते. रोगाचा संबंध पाण्याशी आहे, हे त्यातून स्पष्ट झाले.

हेच काम आज संगणक करतो. त्याला भौगोलिक माहिती प्रणाली किंवा 'जीआयएस' म्हणतात. पारदर्शक कागद एकावर एक ठेवावेत, तसे शेतांच्या हद्दी, ओढे, जमिनीची उंची, माती, रस्ते यांचे थर त्यात रचलेले असतात. प्रत्येक नोंद अक्षांश-रेखांशाला बांधलेली असते; म्हणजे प्रत्येक जागेची जणू स्वतंत्र खतावणीच. १९६०च्या दशकात कॅनडात रॉजर टॉमलिन्सन यांनी या पद्धतीचा पाया घातला. आपल्या राज्यात नागपूरचे महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र उपग्रहांच्या चित्रांवरून असे नकाशे तयार करते. गटाचा नकाशा 'महाभूनकाशा'वर, तर उपग्रहाचे चित्र इस्रोच्या 'भुवन'वर घरबसल्या पाहता येते.

ऑगस्ट २०२१ च्या अखेरीस नंदिनी नदीचे पाणी आपल्या तालुक्यातील गावांत शिरले, हे आपण विसरलेलो नाही. गोदामासाठी जागा घेताना आपण भाव, रस्ता आणि कागदपत्रे पाहतो. त्याबरोबर जवळचा ओढा कोठून वाहतो आणि जागा त्याच्यापेक्षा किती उंच आहे, हेही पाहावे. नंतर मात्र तेथे स्वतः जावे आणि शेजारच्या वयस्कर शेतकऱ्याला पुराची खूण विचारावी. नकाशा 'कोठे' ते दाखवतो. 'का' हे पायी गेल्यावरच कळते.

आणि वसुलीच्या वहीत कोणाच्या नावापुढे शेरा मारण्यापूर्वी, त्याचे शेत कोठे आहे एवढे जरूर पाहावे. शेरा खोडता येतो, गेलेली नोटीस परत येत नाही.